ज्वालामुखीचा धडा पायांनीही शिकवूया



ज्वालामुखीचं चित्र काढा म्हटलं की मुलं काय काढतात? टोक कापलेला एक त्रिकोण आणि त्यातून उडणारं लाल-नारिंगी कारंजं. आपणही वर्गात खायचा सोडा आणि लिंबाचा रस घेऊन तेच दाखवतो. चित्र चुकीचं नाही, पण अपुरं आहे. ज्वालामुखीच्या डोक्यावर बर्फ असू शकतो आणि कधी कधी आगीपेक्षा त्या बर्फाचाच धोका मोठा असतो, हे मुलांपर्यंत पोहोचतच नाही.

माउंट रेनियरचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला हा ४,३९२ मीटर उंचीचा पर्वत. त्याच्या अंगावर पंचवीसहून अधिक हिमनद्या आहेत. त्याच्याभोवती १८९९ साली राष्ट्रीय उद्यान झालं. उन्हाळ्यात बर्फ वितळला की तिथली कुरणं रानफुलांनी भरून जातात. पाहणाऱ्याला तो किती शांत वाटतो! पण शास्त्रज्ञ त्याला जागृत ज्वालामुखीच मानतात.

उष्णतेने बर्फ झपाट्याने वितळला किंवा आतून ठिसूळ झालेला कडा कोसळला, की पाणी, माती आणि दगडांचा लोंढा नदीच्या दरीतून खाली धावतो. ओल्या सिमेंटसारखा दाट. त्याला 'लाहार' म्हणतात. शब्द मूळचा इंडोनेशियातला. सुमारे ५०० वर्षांपूर्वी आलेल्या अशाच लोंढ्याच्या थरावर आज ऑर्टिंग हे गाव वसलेलं आहे. पुन्हा लोंढा आला तर गावाच्या हातात तासभरही नसेल.

म्हणून तिथल्या शाळा काय करतात? मुलांना घेऊन चक्क चालत उंच जागी जातात. गाड्या काढल्या तर रस्ते तुंबतील, म्हणून पायी. मार्च २०२४ मध्ये त्या खोऱ्यातल्या शाळांच्या सुमारे ४५ हजार विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी हा सराव केला. उद्यानातल्या पर्यटकांनाही हेच सांगितलं जातं: नदीकाठी मोठा गडगडाट ऐकू आला की थांबू नका, उंचावर जा.

हे सगळं अतिरेकी वाटतंय का? मग कोलंबियातलं आर्मेरो आठवा. नेवादो देल रुइझ हाही बर्फाच्छादित ज्वालामुखी आणि तोही राष्ट्रीय उद्यानातच. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी उद्रेक झाला तो तसा लहानच, पण त्याने बर्फ वितळवला. चिखल गावात पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. धोक्याचा नकाशा आधीच तयार होता. तरीही सुमारे २३ हजार माणसं गेली. माहिती कागदावर होती, लोकांच्या पायांत उतरली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आपल्याकडे कुठे आलाय ज्वालामुखी?" खरंय. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. पण चिखल? २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी आपण पाहिली. कारण वेगळं होतं, पाऊस होता. पण डोंगर खाली आला तो आपल्याच माणसांवर.

माझं मत स्पष्ट आहे. सराव म्हणजे फोटो काढून अहवालाला जोडायची गोष्ट नव्हे. तो भूगोलाचा पाठच आहे. यंदा पावसाळ्यापूर्वी एवढं करूया: परिसराचा नकाशा मुलांकडूनच काढून घ्यायचा, त्यात ओढा, डोंगराचा उतार आणि सुरक्षित जागा दाखवायच्या. जमिनीला नव्या भेगा पडणं, झाडं कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं या खुणा ओळखायला शिकवायचं. मग सगळ्यांनी त्या जागेपर्यंत चालत जायचं आणि किती मिनिटं लागली ते फळ्यावर लिहायचं. पहिलीतल्या मुलाचा हात कोण धरणार, हेही ठरवायचं.

काही पालक म्हणतात, मुलं घाबरतील. मला तसं वाटत नाही. कुठे जायचं हे माहीत असलेलं मूल कमी घाबरतं. रेनियरच्या पायथ्याची माणसं आजही त्या डोंगराकडे कौतुकानेच बघतात. आपल्या मुलांनाही डोंगराची ओढ राहू द्या, फक्त त्याच्या वाटेतून बाजूला कसं व्हायचं हेही शिकवूया.

तुमच्या शाळेतून सुरक्षित जागी पोहोचायला किती मिनिटं लागतात? एकदा चालून बघा आणि नक्की कळवा.