कुटुंबवत्सल

आपल्याकडे कोणी गृहस्थ वारला की मृत्युवार्तेत एक विशेषण ठरलेले असते : कुटुंबवत्सल. ज्याने घरच्यांना कधी उणे पडू दिले नाही, मुलांची शिक्षणे केली, मुलींची लग्ने वेळेवर उरकली, तो कुटुंबवत्सल. शब्द वाईट नाही. परंतु तो इतक्या सढळ हाताने वापरला गेला आहे की, त्याचा कस लावून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. आम्हांला ती वाटली, याला कारण इटलीतला एक सायकलस्वार.

त्याचे नाव जिनो बार्ताली. फ्लॉरेन्स शहरालगतच्या एका खेड्यात १८ जुलै १९१४ रोजी एका मजुराच्या घरी तो जन्मला. पोरवयात सायकलदुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला आणि तेथेच त्याला सायकलीचे वेड लागले. १९३६ साली त्याने इटलीची सर्वांत मोठी शर्यत जिंकली. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा धाकटा भाऊ जुलिओ शर्यतीत अपघात होऊन गेला. त्या दुःखाने बार्ताली सायकल कायमची सोडावयास निघाला होता. पण तो परतला. १९३७ साली इटलीची आणि १९३८ साली फ्रान्सची शर्यत त्याने जिंकली. १९४० च्या नोव्हेंबरात त्याचे लग्न झाले आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला. घर, बायको, मूल, देवळातली प्रार्थना आणि सायकल, एवढाच त्याचा संसार.

१९४३ च्या सप्टेंबरात जर्मन फौजांनी इटलीचा ताबा घेतला आणि ज्यू लोकांची धरपकड सुरू झाली. गोल्डेनबर्ग नावाचे एक ज्यू कुटुंब बार्तालीच्या ओळखीचे होते. आईबाप आणि दोन मुले. त्या चौघांना त्याने फ्लॉरेन्समधल्या आपल्या मालकीच्या एका इमारतीच्या तळघरात लपविले. १९४४ च्या ऑगस्टात शहर मुक्त झाले तेव्हा ती चारही माणसे जिवंत होती. त्यांतल्या मुलाने पुढे म्हातारपणी इस्रायलमध्ये तशी साक्ष दिली, आणि २०१३ साली जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने ज्यूंचे प्राण वाचविणाऱ्या परधर्मीयांत बार्तालीचे नाव घातले.

आणखीही एक गोष्ट सांगितली जाते. सरावाच्या मिषाने तो फ्लॉरेन्सहून आसिसीपर्यंत, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, सायकल हाकीत जाई, आणि सायकलीच्या नळ्यांत खोट्या ओळखपत्रांचे कागद दडवून आणी. या गोष्टीच्या पुराव्याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. तो वाद त्यांनी खुशाल घालावा. आम्हांला तळघर पुरेसे आहे.

येथे एखादा शहाणा गृहस्थ विचारील की, घरी तरुण बायको आणि दोन वर्षांचे पोर असताना परक्यांसाठी त्यांचा जीव धोक्यात घालणारा माणूस कुटुंबवत्सल कसला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बार्तालीने आपल्या उद्योगांची वाच्यता घरीही फारशी केली नव्हती, असे सांगतात. तिला ठाऊक नसलेलेच बरे, हा त्यामागचा हेतू असेल. तरीही जिला विचारले नाही तिचा प्राण पणाला लावण्याचा अधिकार नवऱ्याला कोठून आला, ही शंका आमच्या मनातून पुरती जात नाही. तथापि तळघराचे दार त्याने लावून घेतले असते तर? त्याची माणसे सुरक्षित राहिली असती, आणि चार माणसे मेली असती. आपल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालताना ज्याला दुसऱ्याचे कुडकुडणारे मूल दिसत नाही, त्याच्या मायेला माया म्हणावे की नुसती मालकी?

ही वृत्ती परदेशी आहे असे कोणी समजू नये. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या आपल्या घरांत वारांनी जेवणारा विद्यार्थी असे. सोमवारचे पान एका घरी, मंगळवारचे दुसऱ्या. घरची चूल बेताचीच असली तरी त्याचे पान मांडले जाई. निराश्रित आत्या, पोरका भाचा, नोकरीच्या शोधात आलेला गावाकडचा मुलगा, ही सारी कुटुंबातच मोजली जात. ते वार आता गेले. घरे मोठी झाली, पंगती लहान झाल्या.

मात्र स्वतःची पाठ थोपटून घेण्यापूर्वी एक कबूल केले पाहिजे. आपले वार बहुधा आपल्याच जातीच्या मुलांना मिळत. ओसरी ओलांडून आत येणाऱ्याची जात आधी विचारली जाई. बार्ताली कट्टर कॅथॉलिक होता, आणि त्याने आसरा दिला तो ज्यूंना. आपल्या धर्मावर त्याची श्रद्धा होती म्हणूनच त्याला परधर्मीयाचे भय वाटले नाही. ही पायरी आपण चढलो नाही.

लढाई संपल्यावर त्याचे नाव पुन्हा गाजले. १९४८ साली, पहिल्या विजयानंतर तब्बल दहा वर्षांनी, त्याने फ्रान्सची शर्यत फिरून जिंकली. मधल्या टप्प्यावर तो वीस मिनिटांहून अधिक मागे पडला होता. आल्प्सच्या घाटांत त्याने ते अंतर भरून काढले. त्या विजयाचा डंका साऱ्या इटलीत वाजला. तळघराचा मात्र त्याने कधी वाजविला नाही. ५ मे २००० रोजी तो वारला, तोवर जगाला तो ठाऊक होता तो मुख्यतः सायकलीसाठीच.

अजूनही काही जुन्या घरांच्या देवडीत आजोबांची सायकल भिंतीला टेकून उभी असते. खंडेनवमीला तिला झेंडूची माळ पडते. ती माळ घालताना आजोबा तिच्यावरून कचेरीत किती वर्षे गेले, हे मुलांना आपण आवर्जून सांगतो. तिच्या मागच्या कॅरिअरवर आपल्या नात्याबाहेरचे कोण कोण बसून गेले, कोणाला दवाखान्यात पोहोचविले, कोणाच्या घरी धान्य गेले, हेही सांगावे. सांगण्यासारखे काही निघाले, तर आजोबांच्या तसबिरीखाली 'कुटुंबवत्सल' हा शब्द निःशंक लिहावा. न निघाले, तर शब्द कोराच ठेवावा, आणि सायकल पुसून आपण बाहेर काढावी.