अंगठा आणि जामीन

बुरोंडीला गेलो की संध्याकाळी समुद्राकडे एक फेरी होतेच. होड्या लागलेल्या असतात, मासळीचे भाव चाललेले असतात. आमच्या वेळी जिथे पोरांची भांडणं रंगायची, त्या कट्ट्यावर आता आठ-दहा मुलं माना खाली घालून गप्प बसलेली दिसतात. ‘पिढी बिघडली’ असं म्हणण्याचा मोह होतो. मी तो आवरतो, कारण सोबत्यांचा पगडा काही मोबाइलबरोबर आलेला नाही.

इथून किनाऱ्यानं उत्तरेला लाडघर, कर्दे ओलांडलं की मुरूड लागतं. महर्षी कर्वे तिथले. परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर भर पावसात कुंभार्ली घाटातून साताऱ्याला चालत गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परत पाठवण्यात आलं. ती पायपीट एकट्या मुलाला झेपली नसती. पुढे १८९३ साली त्यांनी पुनर्विवाह केला, तेव्हा याच मुरूडनं त्यांच्यावर बहिष्कार घातला. समूह बळ देतो आणि समूहच ते काढून घेतो. मात्र बहिष्कार घालणाऱ्या प्रत्येकाला नाव होतं, चेहरा होता. कधीतरी त्यांच्यासमोर उभं राहता येत होतं.

गेल्या वर्षी आमच्या शेजारचा विशीतला मुलगा रात्री ओटीवर येऊन बसला. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, “काका, तीन हप्ते थकलेत.” मित्रांकडे होता तसा महागडा फोन त्यानं हप्त्यांवर घेतला होता. पुढे फोनवरच्या पैशांच्या खेळात आणखी रक्कम गेली होती. मी विचारलं, “अरे, तुझ्या ग्रुपमध्ये किती जण आहेत?” “दीडशे तरी असतील.” “त्यांतल्या कुणाला हे ठाऊक आहे?” त्यानं मान हलवली. “कळलं तर हसतील.”

पैशांच्या त्या खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायद्यानं बंदी घातली. ऑस्ट्रेलियानं त्याच वर्षी १० डिसेंबरपासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास मनाई केली. कायदे हवेतच. जिथे नजर रेंगाळते तेच पुन्हा पुन्हा पुढे करायचं, हा या माध्यमांचा धंदा आहे. कोवळ्या पोरानं एकट्यानं त्याच्याशी लढावं, ही अपेक्षाच चुकीची. पण दीडशे जणांत एकही माणूस नसणं, हे कुठल्या कायद्यानं भरून निघणार?

बँकेत असताना कर्ज मागायला आलेल्या तरुणाला आमचा पहिला प्रश्न असे, “जामीन कोण?” त्याचा मित्र यायचा, सही करायचा. निरक्षर असला तर अंगठा उमटवायचा. हप्ता थकला की नोटीस त्यालाही जायची, म्हणून तो आधीच मित्राच्या दारात उभा राहून त्याला चार शब्द सुनवायचा. त्या अंगठ्यात जोखीम होती, आणि म्हणूनच त्याला बोलण्याचा हक्क होता. आजचा अंगठा फुकटचा. दाबला की विसरला.

खरं सांगायचं तर मुलानं नव्या फोनचा फोटो टाकला, तेव्हा मीही अंगठा दाखवला होता. हा फोन याला परवडला कसा, हा प्रश्न सारा जन्म हप्ते मोजण्यात घालवलेल्या माणसालाही सुचला नाही.

त्या रात्री मी त्याला एकच काम सांगितलं. दीडशेंपैकी असा एक शोध, की ज्याच्यासमोर हे बोलता येईल. दोन दिवसांनी तो एका मित्राला घेऊन आला. होडीवर जाणारा, फारसं न बोलणारा मुलगा. त्यानं मित्राला माझ्यादेखतच झापलं, आणि मग विचारलं, “महिन्याला किती भरायचे?”

फेडीचा कागद आम्ही तिघांनी मिळून केला. हप्ते अजून चालू आहेत. आपल्या मुलांना मित्र किती, हे आपण कौतुकानं विचारतो. त्यांना जामीन कोण, हेही एकदा विचारायला हवं.