अक्षरांचा पुनरभ्यास
इ. स. १९४३ मध्यें स्मोलेन्स्क प्रांतांतील युद्धांत झासेत्स्की नामक तरुण रशियन अधिकाऱ्याच्या मस्तकांत गोळी शिरली. प्राण वांचले, पण हा विद्यासंपन्न तरुण मुळाक्षरेंही विसरला. एकेक अक्षर आठवून लिहितां येईना, तेव्हां मानसशास्त्रज्ञ लूरिया यांच्या रुग्णालयांत, हात न उचलतां अख्खा शब्द लिहून पाहण्यास त्यास सांगण्यांत आलें. आणि बुद्धीस न आठवलेलें हातानें लिहिलें! स्वतःचेंच लिखाण तो कष्टानें वाची. तरी २५ वर्षांत त्यानें सुमारें ३,००० पृष्ठें लिहिलीं. अभ्यास म्हणजे मूळ अर्थानें पुनरावृत्ति, ती अशी.

वाचकहो, मेंदूस इजा झालेला आप्त घरीं परतला म्हणजे त्याचा अडखळता शब्द आपण घाईनें पुरा करूं नये. गेलेलें सर्व परत येत नाहीं. जें येतें, तें त्याच्याच प्रयत्नानें.