कारखान्याची जमीन विकायची कशासाठी?

बंद पडलेल्या साखर कारखान्यांविषयी आमच्या भागात हल्ली एक मत फार ठामपणे मांडले जाते. यंत्रे गंजली, कर्जावर व्याज चढत गेले, शे-दोनशे एकरांत बाभळी माजल्या. तेव्हा ती जमीन एकदाची विकून टाका. घेणारा प्लॉट पाडेल, गाळे काढेल, गोदाम बांधेल, काही ना काही करील. चार पोरांना काम लागेल, बाजारपेठ हलेल. कुंभार पिंपळगावच्या बाजारात हे बोलणारी माणसे काही जमिनीचे दलाल नाहीत. ज्यांची मुले चाकणला, रांजणगावला कंत्राटी कामावर गेली आहेत, असे शेतकरी हे बोलतात. म्हणून त्यांना उत्तर नीट दिले पाहिजे.

जमीन पडीक ठेवू नये, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. गंजलेल्या बॉयलरची राखण करण्याला सहकार म्हणत नाहीत. पण जमीन पडीक आहे म्हणून ती विकलीच पाहिजे, हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो, आणि पुढच्या दोन पिढ्यांचे नुकसान करणाराही वाटतो.

आमच्याच जिल्ह्यातला दाखला घ्या. रामनगरचा जालना सहकारी साखर कारखाना 1984-85 च्या सुमारास उभा राहिला. सक्तवसुली संचालनालयाच्या निवेदनानुसार त्याच्याकडे सुमारे 235 एकर जमीन होती आणि त्यातली 100 एकर शासनाने विनामूल्य दिली होती. पुढे कर्ज थकले, राज्य सहकारी बँकेने कारखाना ताब्यात घेतला आणि लिलावात विकला. जून 2022 मध्ये संचालनालयाने या कारखान्याची 78 कोटी 38 लाखांची मालमत्ता जप्त केली. विक्री कमी किमतीत आणि संगनमताने झाली, असा त्याचा आरोप आहे. आरोप खरा की खोटा, ते न्यायालय ठरवील. मला त्याहून मूळचा प्रश्न विचारायचा आहे. विक्री चोख बाजारभावाने झाली असती, तरी ती योग्य ठरली असती का?

माझे उत्तर नाही असे आहे. कारण लिलावात ती जमीन फक्त कर्जाचे तारण म्हणून मोजली जाते. शेतकऱ्याने शेअर घेतला, त्याच्या ऊसबिलातून परतीची आणि बिनपरतीची ठेव कापली गेली, शासनाने सार्वजनिक कामासाठी फुकट जमीन दिली. यांतल्या कशालाच लिलावाच्या कागदावर रकाना नसतो. शंभर एकर लोकांच्या उपयोगासाठी दिले असतील, तर तो उपयोग कारखान्याबरोबर संपत नाही. धुराडे थंड झाले म्हणून सरकारी जमीन आपोआप विक्रीचा माल होत नाही.

‘विका, बाजार बघून घेईल,’ असे म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या गिरणगावाकडे पाहावे. तिथे हा प्रयोग पूर्ण झाला आहे आणि त्याचा निकालही हाती आला आहे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 खरे तर समंजस होता. गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी त्याने ठरवली. 1996 मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडाही केला. पण 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरण्यांचा बहुतेक पसारा शेड आणि इमारतींखाली होता, त्यामुळे वाटायला फारसे उरलेच नाही. ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने या बदलाच्या विरोधात निकाल दिला, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्याआधीच 2005 मध्ये मुंबई टेक्स्टाइल मिल 702 कोटींना आणि कोहिनूर मिल क्रमांक 3 ची जमीन 421 कोटींना विकली गेली होती.

पैसा आला, हे नाकारता येत नाही. मॉल आले, कार्यालये आली, जमिनीचे भाव गगनाला भिडले. पण तो पैसा गिरणगावात मुरला का? पहिल्या सोडतीत, 2012 मध्ये, कामगारांसाठी 6,925 घरे निघाली आणि अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. आजही कामगारांना आणि त्यांच्या वारसांना मुंबईबाहेर शेलू-वांगणीला जा असे सांगितले जाते आणि त्याविरोधात त्यांना आझाद मैदानावर उतरावे लागते. लोअर परळ-एल्फिन्स्टनकडे येणारी माणसे कित्येक पटींनी वाढली, जिने आणि पूल मात्र जुनेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर 23 माणसे चेंगरून मेली. जमीन तुकड्यातुकड्याने विकत गेल्यावर रस्ता, पूल आणि मैदान यांचा विचार करणारा कोणी उरत नाही, म्हणून हे घडते.

यावर म्हणतील, मुंबईची गोष्ट वेगळी, इथे जमिनीला तो भाव कुठे? भाव नाही, हेच तर न विकण्याचे मोठे कारण आहे. मुंबईत निदान कोट्यवधी रुपये आले. इथे जमीन कवडीमोलाने जाईल, कुंपण पडेल, आणि घेणारा समृद्धी महामार्गामुळे भाव वाढण्याची वाट पाहत बसेल. मधल्या काळात बाभळी तशाच राहतील, सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचे लागेल.

दुसरा आक्षेप बँकेच्या कर्जाचा. कर्ज फेडलेच पाहिजे, कारण जिल्हा बँकेतल्या ठेवीही शेतकऱ्यांच्याच आहेत. पण वसुलीला विक्री हा एकच मार्ग नाही. ढोकीचा तेरणा कारखाना वर्षानुवर्षे बंद होता. जिल्हा बँकेने तो पंचवीस वर्षांच्या भाडेकरारावर दिला आणि तिथे पुन्हा गाळप सुरू झाले. त्या करारावरून कोर्टकचेरी झाली, हेही खरे. तरी मालकी सभासदांच्या संस्थेकडेच राहिली आणि भाड्यातून वसुलीची वाट निघाली. जर्मनीत रूरच्या खोऱ्यात खाणी आणि पोलाद कारखाने बंद पडू लागले, तेव्हा तिथल्या राज्य सरकारने 1980 पासून खास निधी उभारून पडीक औद्योगिक जमिनी स्वतः विकत घेतल्या, त्यांची माती साफ केली आणि मग वापर ठरवला. एसेनची त्सोलफेराइन खाण 1986 मध्ये बंद झाली. आज तिथे संग्रहालय आणि शिक्षणसंस्था आहेत. आधी मालकी सुरक्षित, मग माती साफ, मग उद्योग, हा क्रम आपल्यालाही लागू आहे. जिथे आसवनी चालली, मळीचे खड्डे होते, तिथली माती आणि विहिरी तपासल्याशिवाय कोणाला एक गुंठाही देऊ नये.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र तिसरा आहे. कारखाने बुडवले कोणी? सहकारानेच ना? मग पुन्हा त्याच संचालकांच्या हाती जमीन द्यायची? हा राग रास्त आहे. वार्षिक सभा पंधरा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणत गुंडाळलेल्या सभासदांनी पाहिल्या आहेत. पण संचालकांनी कारभार बिघडवला, याची शिक्षा सभासदांची जमीन काढून घेऊन कशी देता येईल? अधिकार काढायचा तर विकण्याचा आणि गहाण टाकण्याचा काढा. मालकी सभासदांची, कारभार भाडेकरूचा आणि हिशेब ग्रामसभेत जाहीर, अशी तिहेरी वाटणी करा.

आणि त्या जमिनीवर करायचे काय, याचे उत्तर आपल्या शिवारातच आहे. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण आंबिया बहार एकदम बाजारात आला की भाव पडतो आणि बागवान व्यापाऱ्याच्या दारात उभा राहतो. कारखान्याच्या जागेत पाणी, वीज, रस्ता, वजनकाटा आणि मोठ्या शेड आधीच आहेत. तिथे प्रतवारी आणि शीतगृह उभे करणे कोऱ्या माळरानावर उभे करण्यापेक्षा स्वस्त पडेल. रेशमाचेही तसेच. 2018 मध्ये जालन्यात कोषांचा बाजार सुरू झाला आणि तुती लावणाऱ्यांची कर्नाटकातल्या रामनगरची वारी कमी झाली. आता कोष विकण्यावर थांबायचे कशाला? धागा इथेच काढला, तर घनसावंगी, अंबडच्या खेड्यांतल्या बायकांना गावाजवळ काम मिळेल. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी हे काम प्लॉटच्या दलालीपेक्षा फार मोलाचे आहे.

आमच्या बाजूला अंकुशनगरचा समर्थ आणि तीर्थपुरीचा सागर कारखाना आहे, म्हणून रामनगरचा प्रश्न आपला नाही असे समजू नका. कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाने इथली बाजारपेठ उभी केली आहे, आणि कोणत्याही कारखान्याच्या ताळेबंदाला वाईट वर्ष येऊ शकते. तेव्हा घाईत ठराव करण्यापेक्षा आजच, कारखाने चालू असतानाच, उपविधीत दुरुस्ती मागा: कारखान्याची जमीन तीन चतुर्थांश सभासदांच्या गुप्त मतदानाशिवाय विकता येणार नाही, आणि शासनाने दिलेली जमीन तर कोणत्याही परिस्थितीत विकता येणार नाही. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा, म्हणून कुंभार पिंपळगावच्या सभासदांनी लेखी अर्ज द्यावेत.