इंग्रजी हवीच, पण पोराला कळेल अशी



जून जवळ आला की वस्तीत एकच विषय निघतो. पोराला कुठल्या माध्यमात घालायचे? मुंबई महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात. तरी आपली ओढ इंग्रजीकडेच असते. त्यासाठी कोणी आपल्याला नावे ठेवू नयेत. मातृभाषेचे गोडवे गाणाऱ्या कितीतरी जणांची स्वतःची मुले इंग्रजी शाळेतच जातात. त्यांना इंग्रजी आणि आपल्याला उपदेश, हा न्याय आपल्याला मान्य नाही.

मात्र इंग्रजी शिकणे वेगळे आणि सगळे विषय इंग्रजीतून शिकणे वेगळे. इंग्रजी शाळेच्या एकाच वर्गात मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ बोलणारी मुले बसतात. इंग्रजी सगळ्यांनाच परकी, म्हणून सगळे सारखे, असे वाटते. पण ज्याच्या घरी इंग्रजी जाणणारे कोणी आहे, त्याला दोन मास्तर मिळतात. आपल्या पोराला एकच. त्यानेही नुसते फळ्यावरचे उतरवून घ्यायला लावले, तर पोर 'फोटोसिंथेसिस' स्पेलिंगसकट पाठ करते, पण झाडाचे पान उन्हात अन्न तयार करते, हे त्याला उमगत नाही.

बाबासाहेबांचे प्राथमिक शिक्षण मराठीत झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ते इंग्रजी पहिलीत दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय नऊ वर्षांचे होते. पुढे १९२० साली त्यांनी 'मूकनायक' मराठीत काढले आणि १९३६ साली जातिसंस्थेवरचा आपला जगप्रसिद्ध ग्रंथ इंग्रजीत लिहिला. दोन्ही भाषा त्यांच्या कामी आल्या.

म्हणून शाळेत नाव घालण्याआधी चौकशी करा. अडले तर मुलाला घरच्या भाषेत शंका विचारता येते का? की मराठी बोलला म्हणून दंड होतो? बाई दुसऱ्या भाषेत समजावून सांगतात का? जवळ चांगली सेमी-इंग्रजी शाळा असेल तर तीही पाहा. तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून शिकवतात.

रोज संध्याकाळी पोराला जवळ घ्या आणि म्हणा, "आज काय शिकलास ते मला मराठीत सांग." शाळेचे तोंडही न पाहिलेली आई हे करू शकते. त्याला सांगता आले, तर धडा कळला. नुसते इंग्रजी वाक्य घडाघडा म्हणून दाखवले, तर दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन भेटा.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमली जाते. तिचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. सभेला जायचे तर खाडा होतो खरा, पण नवरा-बायकोपैकी एकाने तरी जावे आणि हे प्रश्न तिथे मांडावेत.

जयभीम!