बेकरी काढावी, पण आधी हिशेब मांडावा



आडसाली ऊस लावला म्हणजे तोडणीपर्यंत सोळा-अठरा महिने जातात. तोडणी झाली की मग बिलाची वाट पाहावयाची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांत पैसे द्यावेत असे सांगितले आहे. सगळीकडे ते कितपत पाळले जाते हे ऊस घालणाऱ्याला कोणी समजावून सांगावयास नको. तेव्हा घरात रोज चार नोटा याव्यात असा काही जोडधंदा असावा, ही इच्छा अगदी रास्त आहे. पूर्वी अशा वेळी लोक म्हैस घेत, कोंबड्या पाळत. अलीकडे ज्याच्या त्याच्या तोंडी बेकरी आहे. तालुक्याला चार दिवसांचा केकचा वर्ग करून आलेली सून घरात असली, की भट्टी कुठे बसवायची याचीच चर्चा सुरू होते.

या धंद्याला माझा विरोध नाही. उलट साखर पिकवणाऱ्या मुलखात साखरेवर चालणारा धंदा वाढावा, यात वावगे ते काय? पण कोणता माल काढायचा आणि तो कोणाला विकायचा, हे ठरविण्याआधीच यंत्राची किंमत विचारायला जाणे, हा उलटा कारभार झाला.

केकचेच पाहा. गावात वाढदिवस रोज नसतात. क्रीमचा केक थंड ठेवावा लागतो, आणि आपल्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नाही. विजेच्या मोठ्या भट्टीला थ्री फेज लागते. गावठाणातल्या घराला बहुधा सिंगल फेजच असते. राहिला पाव. पावाचे काम रात्रीचे. थंडीत पीठ फुगायला वेळ घेते, मे महिन्यात भराभर फुगून आंबते. शिवाय तयार झालेला पाव तीन-चार दिवसांत बुरसतो, पावसाळ्यात त्याहून लवकर. तालुक्याच्या बेकरीची गाडी पहाटे दारात येते, शिळा माल परत घेऊन जाते. तिच्याशी घरच्या चुलीवरून टक्कर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टोस्ट, बटर, नानकटाई यांची गोष्ट वेगळी. टोस्ट म्हणजे दोनदा भाजलेला पाव. त्यातले पाणी गेलेले असते, म्हणून डबा घट्ट असेल तर तो महिना महिना टिकतो. नानकटाईत पाणी जवळजवळ नसतेच. आणि गिऱ्हाईक? ते तर गळीत हंगामात आपल्या दारात उभे असते. बीड-नगरकडून आलेली तोडणी कामगारांची कुटुंबे पहाटे फडात निघतात. ट्रॅक्टरवाले, बैलगाडीवाले वजनकाट्यापुढे रांगेत तासन् तास थांबतात. कडाक्याच्या थंडीत यांचा सकाळचा आधार म्हणजे चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट किंवा बटर. तो माल आज बाहेरून येतो. चार-पाच महिने रोज लागणारी ही खपाची जागा आपल्याला दिसत नाही, आणि वर्षातून एकदा येणारा वाढदिवस दिसतो!

आता हिशेबाकडे येऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. आपापल्या बाजाराचे भाव घालून ते पुन्हा मांडावेत. नानकटाईला एक किलो मैदा, सहाशे ग्रॅम वनस्पती, सहाशे ग्रॅम साखर हे साधारण प्रमाण. मैदा ४० रुपये, वनस्पती ९०, साखर २७, वेलदोडा-सोडा वगैरे १५, असे १७२ रुपये धरू. यातून भाजून दोन किलोच्या आसपास माल निघतो. म्हणजे किलोला ८६ रुपये. गॅस आणि पिशवीचे २० मिळवले की १०६. दुकानात ही नानकटाई २०० रुपये किलोने विकली जाते असे समजा. दुकानदार पाचवा हिस्सा ठेवतो, आपल्या हाती १६० येतात.

किलोमागे ५४ रुपये सुटले, असे म्हणून आपण खूष होतो. पण दिवसाला दहा किलो काढली, तर सगळी खपत नाही. एक किलो फुटते, मऊ पडते, परत येते. नऊ किलोचे १,४४० रुपये आले, दहा किलोचा खर्च १,०६० गेला, उरले ३८०. पहाटे पाचपासून दुपारपर्यंत घरातल्या दोन बाया राबल्या तर एकीच्या वाट्याला १९० रुपये. खुरपणीला गेल्या असत्या तर याहून जास्त मिळाले असते, असे त्या म्हणतील, आणि ते खोटे नसेल. तोच माल आठवडी बाजारात किंवा गाडीअड्ड्यावर स्वतः विकला, तर नऊ किलोचे १,८०० येतात व ७४० उरतात. माल तोच, भट्टी तीच. फरक पडला तो विकणाऱ्या हाताचा. म्हणून पहिला खर्च यंत्रावर करू नये. टेबल, काचेच्या बरण्या आणि वजनकाटा, याच्यापासून सुरुवात करावी.

एक गोम या हिशेबात नेहमी राहते. सभासदाला सवलतीची साखर मिळते, ती बेकरीत वापरली की धंदा फायद्यात दिसू लागतो. वरच्या उदाहरणात साखरेचे पैसे धरले नाहीत, तर किलोमागे साडेतेरा रुपये, म्हणजे दिवसाला १३५ रुपये नफा उगीचच फुगतो. ती साखर आपल्या उसावर मिळालेली आहे. तिचा भाव बाजाराचाच लावावा. घरच्या गव्हाचे, तुपाचेही तसेच.

कर्जाचे सांगतो. पाच लाख रुपये ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,८७० रुपये बसतो. महिन्यात २६ दिवस काम धरले तर दिवसाला ४१८. वर दुकानात माल घालून दिवसाला ३८० उरत होते! म्हणजे बायांची मजुरी शून्य धरूनही हप्ता निघत नाही, आणि मग तो निघतो उसाच्या बिलातून. अनुदान आहे, असे कोणी म्हणेल. २०२० साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना सुरू केली, तीत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान ठरले होते. पण ते रोख हातात पडणारे नव्हते. कर्जखात्याला जोडून ठेवायचे व तीन वर्षे खाते नियमित राहिले तर जमा व्हायचे, अशी त्याची रीत. हप्ता थकला तर अनुदान कसले? अर्ज करण्याआधी योजना चालू आहे का, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जाऊन विचारावे. भट्टी विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. आणि सात-बारावर बोजा चढवून बेकरी तर मुळीच काढू नये.

कायदेशीर बाबी फार अवघड नाहीत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली लहान धंद्यालाही नोंदणी लागते, तिची फी किरकोळ आहे. पाकिटावर घटक पदार्थ, वजन, तयार केल्याची व वापरण्याची अखेरची तारीख, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. अंडे घातले असेल तर हिरवी खूण चालत नाही. आपल्याकडे एकादशी करणारी घरे पुष्कळ, तेव्हा याबाबतीत कोणाला फसवू नये. घरगुती सिलेंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यापारी घ्यावा लागतो. पावाला जीएसटी नाही. बिस्किटे आणि केक यांच्यावरचा २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ चा ५ टक्के झाला. वनस्पती घेताना मात्र चांगल्या प्रतीची घ्यावी. घातक ट्रान्स फॅटचे प्रमाण १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर बांधलेले आहे. सुट्या डब्यातल्या स्वस्त मालात काय आहे, कोण सांगणार?

गुळाची, नाचणीची, खपल्याची बिस्किटे काढा, असाही सल्ला हल्ली मिळतो. काढावीत. नाचणीत चिकटपणा नाही म्हणून तिचा पाव फुगत नाही, पण बिस्किट छान होते. खपली गहू तर कृष्णाकाठी आपल्यातलेच लोक पिकवतात. मात्र गूळ हवेतले पाणी ओढतो. दिवाळीत कुरकुरीत असलेले गुळाचे बिस्किट आषाढात मऊ पडते. पावसाळ्यात ते थोडे थोडे, मागणीपुरतेच भाजावे.

आता शेवटचा मुद्दा, जो बैठकीत कोणी काढत नाही. भट्टीपुढे बाई उभी राहते. नोंदणी, कर्ज, बँकखाते मात्र नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे. कारखान्याचा शेअर जसा ज्याच्या नावे ऊस त्याच्या नावे, तशी बेकरीही जिच्या हाताने चालते तिच्या नावे असावी. "घरातलेच पैसे की, कोणाच्या का नावे असेनात," असे म्हणणाऱ्या सभासदांनी आपला शेअर तिच्या नावे करून दाखवावा, मग बोलू.

संचालक मंडळास विनंती एवढीच की, येत्या हंगामात गाडीअड्ड्यालगत सभासदांच्या घरच्या महिलांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये चार टेबलांची जागा द्यावी. भाडे नाममात्र घ्यावे, पण घ्यावे. कारखान्याच्या कँटीनने टोस्ट-बटर त्यांच्याकडून घेतले, तर पैसे आठवड्याला चुकते करावेत. उसाला १४ दिवस मागणारे आपण, नानकटाईच्या पैशाला दोन दोन महिने लावणे बरे दिसणार नाही. बॉयलर पेटायच्या आधी हा निर्णय झाला, तर बायांना सराव करायला दसरा-दिवाळीचा बाजार हाताशी आहे.