पंचासमक्ष

नोव्हेंबर २०२५ मध्ये निठारीचा शेवटचा निकाल लागला, त्या संध्याकाळी अकोल्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, पाह्यलं का? सुटला तो! आता सांगा मले, कोर्टावर इस्वास कसा ठेवायचा?" मी नुसतं हं हं केलं. फोनवर वाद घालायचा नाही, असं सत्तरीनंतर आमच्या हिने मला पथ्य घालून दिलं आहे. पण त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं. मंडळी, आज लिहून टाकतो.

निठारी हे दिल्लीजवळच्या नोएडातलं गाव. तिथल्या गरिबांची पोरं एकेक करून नाहीशी होत होती. आईबाप चौकीवर जात होते आणि हात हलवत परत येत होते. २९ डिसेंबर २००६ ला एका बंगल्यामागच्या नाल्यात हाडं आणि कवट्या सापडल्या. बंगल्याचा मालक मोनिंदरसिंग पंढेर आणि त्याचा नोकर सुरेंद्र कोली पकडले गेले. मी तेव्हा नोकरीत होतो. नववीच्या वर्गात धडा बाजूला ठेवून मी म्हणालो होतो, अशांना भर चौकात लटकवलं पाहिजे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. (माझ्या शिकवण्याला त्यांनी कधी वाजवल्या नव्हत्या!) एक मुलगी मात्र म्हणाली, "पण सर, अजून कोर्टात कुठे गेलंय?" मी तिला खाली बसवलं. नाव आठवत नाही तिचं. दुसऱ्या बाकावर बसायची.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलंच असेल. कोलीला फाशी झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सप्टेंबर २०१४ मध्ये तर मीरतच्या तुरुंगात त्याला फासावर द्यायची तयारी झाली होती. मध्यरात्रीनंतर वकिलांनी न्यायमूर्तींना गाठून स्थगिती मिळवली, म्हणून तो वाचला. २०१५ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला बारा खटल्यांत निर्दोष सोडलं, जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आणि ११ नोव्हेंबरला राहिलेल्या एका खटल्यातही तो सुटला. त्या खंडपीठावर सरन्यायाधीश भूषण गवई होते, म्हणजे आपल्या अमरावतीचे, दादासाहेब गवईंचे चिरंजीव. मे महिन्यात त्यांनी शपथ घेतली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. नोव्हेंबरात त्याच गल्लीत त्यांच्या नावाने बोटं मोडणारेही मी ऐकले.

भाच्याला वाटतं तसं हे 'टेक्निकल' सुटणं नाही. कोलीचा कबुलीजबाब साठ दिवस पोलिस कोठडीत ठेवल्यानंतर घेतलेला होता. आणि दुसरी गोष्ट अशी की, त्याने 'दाखवून दिली' म्हणून जी हाडं कागदावर आली, ती त्याला तिथे आणण्याआधीच लोकांना आणि पोलिसांना ठाऊक झाली होती, खोदणं सुरू झालं होतं. नाला काय, कोणालाही मोकळा.

ही दुसरी गोष्ट वाचली आणि मी पेपर खाली ठेवला. का ते पुढे सांगतो.

आधी कायदा थोडक्यात. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण आरोपीने काही सांगितलं आणि त्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुरावा म्हणून चालतो. जुन्या कायद्यातलं हे २७ वं कलम. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला, त्यात ते २३ व्या कलमात गेलं. या सांगण्याचा आणि सापडण्याचा पंचनामा होतो आणि त्यावर दोन पंचांच्या सह्या असतात. पंच म्हणजे तुम्हीआम्हीच. पानठेलेवाला, हॉटेलवाला, आणि गावात विश्वासाचा माणूस हवा असला की शाळामास्तर.

निठारी लांब वाटत असेल तर आपल्या महाराष्ट्रातलं पाहा. ठाणे जिल्ह्यात जून २०१० मध्ये सहा वर्षांच्या मुलीचा मृतदेह नाल्यात मिळाला. एकाला अटक झाली, फाशी झाली, २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. त्याचं नाव निकालात आहे, मी इथे लिहीत नाही. सुटलेल्या माणसाचं नाव आपण आणखी किती ठिकाणी चिकटवायचं? या खटल्यात डी.एन.ए.चा अहवाल होता. पण नमुने कोणी घेतले, किती दिवस कुठे पडून होते, उशिरा का पाठवले, याचा धड हिशोब नव्हता. त्याहून मला लागलेली गोष्ट वेगळीच. ज्या निवेदनावरून पुढचं सगळं उभं राहिलं, ते मराठीत लिहिलेलं होतं आणि आरोपीला मराठी येत नव्हतं. त्याच्या भाषेत ते त्याला वाचूनही दाखवलेलं नव्हतं.

मी जन्मभर मराठी शिकवली. उताऱ्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहा, असं हजार वेळा फळ्यावर लिहिलं. पंचनाम्याची मराठी ज्याने वाचली आहे त्याला माहीत आहे की ती कोणाच्याच स्वतःच्या शब्दांत नसते. 'सदर इसमाने स्वखुशीने नमूद केले की...' असं या पृथ्वीवर कोणता इसम बोलतो? आपली भाषा ज्याला कळत नाही त्याच्या तोंडी आपण ती घातली आणि तिच्या आधारावर त्याच्या गळ्यात दोर अडकवायला निघालो. मराठीच्या अभिमानाच्या गप्पा मारणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) या एका कागदाचाही विचार करावा.

ठाण्यातलंच आणखी एक प्रकरण. ३० सप्टेंबर २०१३ ला चार वर्षंही पूर्ण न झालेली मुलगी घराजवळून नाहीशी झाली, दोन दिवसांनी तळ्यात सापडली. जवळच कामाला असलेल्या रखवालदाराला पकडलं. प्रत्यक्ष पाहणारा कोणी नाही, सगळा परिस्थितीजन्य पुरावा. २०१९ मध्ये फाशी, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाची मोहोर, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपास सदोष आहे, साक्षीदार विश्वास ठेवावा असे नाहीत. जवळजवळ बारा वर्षं तो आत होता. त्यातली सहा वर्षं दर रोज सकाळी उठून मरणाची वाट पाहायची.

आता माझं.

१९८३ साल. अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी मास्तर होतो. मारुतीच्या देवळातली पितळी घंटा आणि दोन समया चोरीला गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी शिपाई शाळेत आला, "गुर्जी, जमादारसाहेबानं बोलावलं, पाच मिनिटाचं काम हाय." मी गेलो तर पाटलाच्या ओसरीवर घंटा आणि समया मांडून ठेवलेल्या. बाजूला बेड्यावरचा एक पारधी उकिडवा बसलेला, ओठ सुजलेला. कागद तयारच होता. त्यात लिहिलं होतं की या इसमाने आम्हा पंचांसमक्ष निवेदन केलं, आम्हाला नाल्याकाठच्या कडब्याच्या गंजीपाशी नेलं आणि आतून मुद्देमाल काढून दिला. मी म्हटलं, मी तर आत्ता येतोय. जमादार म्हणाले, "गुर्जी, माल तर समोरच हाय ना? खोटं काय आहे त्यात?" गावातली दहा-बारा माणसं भोवती. सगळ्यांनाच ते प्रकरण मिटायला हवं होतं. मी सही केली. वळणदार, पूर्ण नावाची.

वर्षभराने तालुक्याच्या कोर्टात साक्षही दिली. "गंजीतून तुमच्यासमक्ष काढून दिलं का?" "होय." एक शब्द. त्याला सहा महिने झाले. त्याचा वकील होता की नव्हता, तेही मी पाहिलं नाही.

चोरी त्यानेच केली असेल का? असेलही. माल कुठून आला हे मला माहीत नाही, आणि मुद्दा नेमका हाच आहे. मला माहीत नव्हतं आणि मी कोर्टाला शपथेवर सांगितलं की मला माहीत आहे. घंटेऐवजी तिथे एखाद्या लेकराचा फ्रॉक असता, तर त्या गर्दीत मी जास्त विचार केला असता असं वाटतं तुम्हाला? मला नाही वाटत. उलट सही जास्त घाईने केली असती. पोर हरवलं की गावाला धीर धरवत नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला पोरं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातली पाच माणसं जमावाने ठेचून मारली. कागद करायलाही कोणी थांबलं नाही.

भाचा फोनवर आणखी एक म्हणाला होता, आणि ते मात्र खरं आहे. "मामा, मग पोरीचं काय?" सुटण्याच्या निकालाने आईबापांच्या हाती काही पडत नाही. निठारीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही खेद व्यक्त केला, की इतका लांब तपास होऊनही खरा गुन्हेगार कायद्याला पटेल अशा रीतीने ठरवता आला नाही. पण हे कोणामुळे झालं? सोडणाऱ्या न्यायमूर्तींमुळे की पहिल्या आठवड्यात सोयीचा माणूस धरून बाकीची दारं बंद करणाऱ्यांमुळे? ठाण्याची ती मुलगी आज दहावीच्या पुढे गेली असती. बारा वर्षं सगळे रखवालदाराकडे बोट दाखवत राहिले. आता दुसऱ्या कोणाचा माग काढायचा म्हटलं, तर कशाच्या आधारावर?

नव्या फौजदारी संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. चांगली गोष्ट आहे, मोबाइलचा काहीतरी उपयोग झाला. पण मोबाइल कधी सुरू करायचा हे ठरवणारा माणूस तोच. ओसरीवर माल मांडून झाल्यावर चित्रीकरण सुरू केलं, तर तेही पंचासमक्षच म्हणायचं. म्हणून नोकरीत असलेल्या आमच्या घरच्या पोरापोरींना माझं सांगणं आहे, पंच म्हणून बोलावलं तर जा, टाळू नका. पण जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही करू नका. साहेब रागावतील, रागावू देत.

तो मला नंतर एकदाच भेटला. १९८६ किंवा ८७ असेल, अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर. बायको बरोबर होती, कडेवर पोर. मी ओळखलं नाही, त्यानेच ओळखलं. रामराम केला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"गुर्जी, तुमी पाह्यलं होतं का मले काढून देताना?"

तेवढंच विचारलं, अगदी साध्या आवाजात. अकोल्याची गाडी फलाटाला लागली होती. मी पिशवी उचलली आणि गाडीत चढलो.